कार्यकर्त्यांना कार्यक्रम आखायला कसं शिकवावं: सात दिवस वर्ग, मधे दहा आठवडे गाव

कार्यक्रम आखणीचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी सभागृहात होतं. तीन दिवस स्लाइड, शेवटी गटचर्चा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. कार्यकर्ता परत जातो आणि नवा प्रस्ताव जुन्या प्रस्तावावरून, गावांची नावं बदलून लिहितो. त्याला शिकवलेलं चुकीचं नसतं. पण ज्या गावाबद्दल लिहायचं ते गाव त्या तीन दिवसांत कुठेच आलेलं नसतं.

इथे दिलेला आराखडा छोट्या आणि मध्यम संस्थांसाठी आहे. पाच दिवस निवासी प्रशिक्षण, मग दहा आठवडे आपापल्या गावात काम, मग परत दोन दिवस. सगळ्या टप्प्यांवर एकच उदाहरण घेतलं आहे: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातली 10 गावं, आणि तिथली तिसरी ते पाचवीची, पण दुसरीचं पुस्तक न वाचता येणारी मुलं. तुमचा विषय पाणी असो की किशोरी मुलींचा रक्तक्षय, पायऱ्या याच राहतील.

कोणाला बोलवायचं

जास्तीत जास्त 24 जण, म्हणजे 12 संस्था आणि प्रत्येकीचे दोघे. एक रोज गावात जाणारा, दुसरा हिशेब ठेवणारा किंवा चेकवर सही करणारा. ही जोडी सोडू नका. एकटा कार्यकर्ता शिकून गेला की त्याची योजना ऑफिसात ‘एवढा प्रवासखर्च बसत नाही’ या एका वाक्यावर मरते, आणि एकटा सचिव आला तर गावात काय घडतं ते त्याला कळत नाही.

पूर्ण फुकट ठेवलं की दुसऱ्या टप्प्याला निम्मे लोक गळतात. जोडीमागे 1,000 रुपये अनामत घ्या आणि दहा आठवड्यांचं काम घेऊन परत येणाऱ्यांना ती परत करा. येताना तीन कागद आणायला सांगा: संस्थेचा शेवटचा प्रस्ताव, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि कुठल्याही हजेरीपटाच्या एका पानाची झेरॉक्स. हजेरीपटावर सलग तीन महिने एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली हजेरी दिसली तर पाचव्या दिवसाचं साहित्य तुम्हाला आयतंच मिळालं.

पहिला दिवस: गाव

प्रशिक्षणाच्या जागेपासून अर्ध्या तासात पोचता येईल असं गाव निवडा. सरपंच आणि ग्रामसेवकांना आठवडाभर आधी भेटा आणि स्पष्ट सांगा की कुठलीही योजना येणार नाही, कोणाचं नाव कुठल्या यादीत जाणार नाही. हे सांगायचं राहिलं तर घरकुलाची यादी होतेय म्हणून लोक आधार कार्डं घेऊन रांग लावतात आणि दिवसभर मिळणारी प्रत्येक माहिती त्या आशेने वाकलेली असते.

सहा-सहा जणांचे चार गट करा. प्रत्येकाने तीन गोष्टी करायच्या: गावफेरी, जमिनीवरचा नकाशा आणि हंगामाची दिनदर्शिका.

नकाशा रांगोळीने किंवा खडूने लोकांनीच काढायचा, कार्यकर्त्याच्या हातात खडू नको. आणि तो दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी काढून घ्यायचा. पारावर काढलेल्या नकाशात मंदिर, सोसायटी, शाळा, ग्रामपंचायत ठळक येतात. बौद्धवाडी एका चौकोनात उरकली जाते, आणि ओढ्यापलीकडची पारधी वस्ती किंवा दोन किलोमीटरवरचा तांडा बऱ्याचदा येतच नाही. तोच नकाशा तांड्यावर बायकांकडून काढून घेतला की हापसा, रेशन दुकानाचं अंतर, दारूचं दुकान आणि अंगणवाडीचं बंद दार दिसायला लागतं. दोन्ही नकाशे संध्याकाळी शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारा: पहिल्यात नसलेली घरं किती? तुमच्या कार्यक्रमातून सुटणारी घरं बहुधा तीच असतात.

दिनदर्शिकेसाठी जमिनीवर बारा घरं आखा आणि ज्वारीचे दाणे द्या. जितकं काम, पैसा, आजारपण किंवा स्थलांतर जास्त, तितके दाणे. बीडच्या पट्ट्यात दसऱ्यानंतर दाण्यांचा ढीग दिसतो. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलकडे परततात. काही मुलं सोबत जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणून इथे जानेवारीत केलेली घरमोजणी फसवी असते, कारण कित्येक घरांना कुलूप असतं. ‘जून ते मार्च, दहा महिने वर्ग’ ही योजना याच दाण्यांवर मोडते. कोकणात हाच ढीग जुलैच्या भातलावणीवर दिसेल.

वेळेचंही बघा. बायकांची बैठक सकाळी अकराला ठेवली तर म्हाताऱ्या आणि बचतगटाच्या अध्यक्षाच येतात. रात्री आठनंतर, जेवणं उरकल्यावर बसा.

दुसरा दिवस: समस्या नेमकी करणं आणि मोजणं

सकाळी प्रत्येक जोडीला आपली समस्या एका वाक्यात लिहायला सांगा. ‘गावात अभ्यासिका नाही’, ‘पालकांमध्ये जागृती नाही’, ‘महिलांना शिवणकामाचं प्रशिक्षण नाही’ अशी वाक्यं येतील. नियम ठेवा: आपल्याला जो उपाय द्यायचा आहे त्याचा अभाव म्हणजे समस्या नव्हे. अभ्यासिका नसल्याने कोणाचं काय बिघडलं, ते लिहा. या एका नियमावर निम्मी वाक्यं खोडली जातात, आणि खोडली जाऊ द्यावीत.

वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोण, कुठे, किती, कधीपासून किंवा कोणत्या निकषाने. ‘10 गावांतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांपैकी सुमारे 300 जणांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही’ हे चालणारं वाक्य. मग ‘का’ विचारत खाली जा आणि समस्येचं झाड काढा. तीन-चार ‘का’नंतर फांद्या फुटतात: बाकीचा वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला, मधले पाच महिने शाळा बुडालेली, घरी वाचणारं कोणी नाही, बंजारा घरात बोली वेगळी. यातल्या ज्या मुळाला तुमची संस्था हात घालू शकते त्यावर खूण करा. ऊसतोडीचे दर हेही मूळ आहे, पण वाचनाच्या कार्यक्रमाने ते हलणार नाही, आणि हे प्रस्तावात लिहायला लाजू नये.

दुपारी मोजणी शिकवा. वाचनासाठी असरची (‘प्रथम’ संस्थेच्या शिक्षण-सर्वेक्षणातली) चाचणी पुरते: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पाच पातळ्या. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल ओघात आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचलं तर गोष्ट द्यायची, अडलं तर शब्द. पाचपैकी चार शब्द जमले नाहीत तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. जमणारी सर्वांत वरची पातळी नोंदवायची. एका मुलाला काही मिनिटं लागतात.

चाचणी सोपी दिसते म्हणून बिघडते. परीक्षक पहिलं अक्षर ओठांनी सुचवतो, आई मागून सांगते, किंवा शिक्षक हुशार मुलं पुढे करतात. म्हणून आधी कार्यकर्त्यांनी एकमेकांची चाचणी घ्यावी, नंतर दोघांनी एकाच मुलाचं वाचन ऐकून स्वतंत्र नोंद करावी. 10 मुलांमागे दोनपेक्षा जास्त नोंदी वेगळ्या आल्या तर ते दोघे अजून मोजायला तयार नाहीत.

मोजणीवर एवढा वेळ का, असा प्रश्न हमखास येतो. गडचिरोलीतल्या सर्च संस्थेचं उदाहरण द्या. नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं काम 1995 मध्ये सुरू करण्याआधी, 1993 पासून त्यांनी गावोगावी जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. 39 गावांत काम आणि 47 गावं तुलनेसाठी अशी रचना होती. म्हणूनच नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं त्यांना 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आकड्यांनिशी मांडता आलं. आधीची मोजणी नसती तर ‘खूप फरक पडला’ एवढंच म्हणता आलं असतं. छोट्या संस्थेला तुलनेची गावं परवडत नाहीत, पण आधी मोजणं परवडतं.

तिसरा दिवस: एका पानाची चौकट

लॉगफ्रेमला, म्हणजे कार्यक्रमाची आखणी एका पानावर मांडणाऱ्या तक्त्याला, लोक बिचकतात. 1969 च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएआयडी या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी तयार झालेला हा तक्ता देणगीदारांच्या हातात पुढे जड होत गेला. मूळ युक्ती साधी आहे. चार ओळी: आम्ही काय करू, त्यातून हातात काय येईल, लोकांमध्ये काय बदलेल, दूरवर कशाला हातभार लागेल. प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने: कशावरून कळेल, ते कुठे नोंदलं जाईल, आणि काय गृहीत धरलं आहे.

आपल्या उदाहरणात काम म्हणजे रोज दोन तास, 70 दिवस, पातळीनुसार गट करून वर्ग. हातात येणारं म्हणजे 300 पैकी किमान 180 मुलांची 75 टक्के हजेरी. बदल म्हणजे ऑक्टोबरच्या चाचणीत 120 मुलं गोष्टीच्या पातळीला. सर्वांत जास्त घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत होतो. ‘10 वर्ग चालले, 300 मुलांना साहित्य दिलं’ हे लोक बदल म्हणून लिहितात. वर्ग चालला तरी एकही मूल वाचायला न शिकण्याची शक्यता शिल्लक असेल, तर तो बदल नाही.

गृहीतकांचा रकाना प्रामाणिकपणे भरायला लावा, कारण तो रिकामा सोडण्याची सवय आहे. ‘शाळेची खोली संध्याकाळी मिळेल’, ‘बारावी झालेली मुलगी गावात सापडेल आणि तिच्या सासरचे पाठवतील’, ‘दसऱ्याआधी कोयते निघणार नाहीत’. मग प्रत्येकासमोर विचारा: हे चुकलं तर? उत्तर ‘कार्यक्रम थांबेल’ असेल तर ते गृहीतक आत्ताच फोन करून किंवा गावात जाऊन तपासायचं.

चौथा दिवस: तारखा आणि पैसे

आधी तारखा. कॅलेंडर उलटं भरा. कोयते निघण्याआधी शेवटची चाचणी, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, आणि दसरा लवकर असेल त्या वर्षी आणखी आधी. त्याआधी जुलै ते सप्टेंबर 70 दिवस वर्ग, यातून पोळा, गणपती आणि स्वातंत्र्यदिनाची तयारी वजा. जूनच्या उत्तरार्धात पहिली चाचणी, ऑगस्टमध्ये मधली. मेमध्ये स्वयंसेविकांची निवड.

मग अंदाजपत्रक. खालचे दर शिकवण्यापुरते, आपल्या भागातले घालावेत.

स्वयंसेविकांचं मानधन: 10 × 3,000 × 4 महिने = 1,20,000
समन्वयक: 18,000 × 6 महिने = 1,08,000
प्रवास: महिन्याला 40 भेटी × 24 किमी × 4 रुपये × 4 महिने = 15,360
वाचनसाहित्य: 300 मुलं × 150 = 45,000
स्वयंसेविकांचं प्रशिक्षण: 11 जण × 7 दिवस × 250 = 19,250
तीन चाचण्या: 10 गावं × 3 × 600 = 18,000
बेरीज 3,25,610, कार्यालय, हिशेब, लेखापरीक्षण 10 टक्के 32,561, एकूण 3,58,171

आता भागाकार करायला लावा. नोंदवलेल्या 300 मुलांमागे खर्च 1,194 रुपये. नियमित येणाऱ्या 180 मुलांमागे 1,990. खरोखर वाचायला लागलेल्या 120 मुलांमागे 2,985. प्रस्तावात पहिला आकडा जातो, पण संस्थेने स्वतःसाठी तिसरा धरावा. हजेरी वाढवण्यावर 20,000 जास्त खर्च करणं परवडतं की नाही, ते तिसऱ्या आकड्यावरूनच कळतं.

अंदाजपत्रकात नेहमी राहून जातात त्या गोष्टी: समन्वयकाचे सुरुवातीचे रिकामे दिसणारे महिने, स्वयंसेविका सोडून गेल्यावर नवीचं प्रशिक्षण, आणि शेवटचा अहवाल लिहिण्याचे दिवस. कार्यालयीन खर्च शून्य दाखवून प्रस्ताव स्वस्त करणं हा तर आपल्याकडचा जुनाच आजार. तो खर्च होतोच, फक्त दुसऱ्या प्रकल्पाच्या खिशातून.

हिशेबाच्या व्यक्तीसोबत अर्धा दिवस खालच्या गोष्टींवर घालवा. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायला संस्थेची सीएसआर-1 या सरकारी फॉर्मवर नोंदणी लागते. ही अट 1 एप्रिल 2021 पासून आहे. कंपन्यांसाठीची प्रशासकीय खर्चाची 5 टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, संस्थेच्या नव्हे, पण वाटाघाटीत ती सर्रास संस्थेवर लादली जाते. परदेशी देणगीत मात्र तिच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये, प्राप्तिकरात तो खर्च धरला जात नाही.

पैसा किती, याहून कधी हा प्रश्न जास्त कार्यक्रम बुडवतो. सीएसआरचा करार ऑगस्टमध्ये होतो, पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये येतो, आणि बीडमध्ये वर्ग जुलैला सुरू व्हायला हवेत. म्हणून प्रत्येक जोडीकडून महिनावार तक्ता भरून घ्या: या महिन्यात येणार किती, जाणार किती, शिल्लक किती. शिल्लक उणे झाली त्या महिन्यात मानधन कुठून द्यायचं ते तिथेच लिहायचं. उत्तर नसेल तर गावांची संख्या 10 वरून 6 करा.

पाचवा दिवस: नोंदी, सुरक्षितता, परवानग्या

स्वयंसेविकेकडे तीनच कागद असावेत: रोजचा हजेरीपट, मुलांच्या पातळीचा तक्ता, भेट देणाऱ्याची वही. चौथं प्रपत्र मागणाऱ्याने सांगावं की त्या माहितीवर कोण, केव्हा, कोणता निर्णय घेणार. सांगता आलं नाही तर प्रपत्र रद्द. जास्त प्रपत्रं दिली की ती महिन्याच्या 28 तारखेला रात्री बसून भरली जातात, आणि खरा हजेरीपटही त्यांच्यासोबत बिघडतो.

समन्वयकाने प्रत्येक भेटीत हजेरीपटावरची कुठलीही पाच नावं निवडून ती मुलं समोर आहेत का पाहायचं आणि त्यांपैकी दोघांकडून वाचून घ्यायचं. दहा मिनिटांचं काम आहे. महिन्याच्या बैठकीत तीनच प्रश्न: कोणत्या गावात हजेरी पडली, कोणती मुलं दोन महिने एकाच पातळीवर अडली, पुढच्या महिन्यात आपण काय वेगळं करणार. तिसऱ्याचं उत्तर नाव आणि तारखेसह वहीत.

मुलांसोबतच्या कामात लिखित बालसंरक्षण धोरण हवं: एकट्या मुलासोबत बंद खोलीत कोणी थांबणार नाही, फोटोसाठी पालकांची संमती, तक्रार कोणाकडे करायची त्याचा फोन नंबर भिंतीवर. पोक्सो कायदा 2012 प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गावातच मिटवू’ हा पर्याय नाही. संस्थेत 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते.

परवानगीसाठी ग्रामसभेचा ठराव मिळवा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे मुख्याध्यापक बदलले तरी काम टिकतं. फक्त सरपंचांच्या तोंडी होकारावर उभं राहिलेलं काम पुढच्या निवडणुकीत विरोधी गटाचं होऊन बसतं.

दहा आठवडे गावात

पहिले दोन आठवडे दोन ठिकाणचे नकाशे आणि दिनदर्शिका. पुढचे दोन आठवडे एका गावातल्या सर्व संबंधित घरांची मोजणी, शाळेत नव्हे तर घरोघरी, कारण शाळेत न येणारं मूल शाळेत मोजलं जात नाही. पाचव्या आठवड्यात चौकटीचं पान गावासमोर वाचून दाखवायचं आणि लोकांनी सुचवलेला किमान एक बदल लिहून आणायचा. कोणीच काही सुचवलं नाही तर बैठक चुकीच्या वस्तीत, चुकीच्या वेळी झाली असं धरा.

सहाव्या ते नवव्या आठवड्यात छोटी चाचपणी: 10-12 मुलं, एक स्वयंसेविका, रोजचा वर्ग. यातून वेळ जमते का, साहित्य फाटतं का, मूल कितव्या दिवशी यायचं थांबतं हे कळतं. दहावा आठवडा लिहिण्याचा. प्रशिक्षकाने प्रत्येक जोडीला एक प्रत्यक्ष भेट आणि दर आठवड्याला एक फोन द्यावा. ही भेट अंदाजपत्रकातून कापली जाते तिथे दुसऱ्या टप्प्याला लोक जुनाच प्रस्ताव घेऊन येतात.

शेवटचे दोन दिवस

प्रत्येक जोडीने सहा पानं आणायची: समस्येचं वाक्य आणि मोजणी, चौकट, तारखा, अंदाजपत्रक आणि महिनावार शिल्लक, नोंदींचे नमुने, चाचपणीत काय मोडलं. सातवं पान स्वीकारू नका. एका जोडीचं मांडणं 15 मिनिटांचं, मग दुसऱ्या जोडीने तीन धक्के द्यायचे: स्वयंसेविकेचं लग्न ठरून ती ऑगस्टमध्ये गेली, पहिला हप्ता तीन महिने लांबला, दसऱ्याच्या तीन आठवडे आधीच कोयते निघाले. योजनेत काय बदलेल ते उभ्याने सांगायचं. ‘बघू तेव्हा’ या उत्तराला गुण नाहीत.

मोजणीनंतर एखादी जोडी म्हणाली की आमच्या गावात हा प्रश्न 12 मुलांपुरताच आहे, त्यासाठी प्रकल्प नको, शिक्षकांशी बोलून वर्ग लावू, तर त्यांना उत्तीर्ण करा आणि अनामतही परत द्या. तीन महिन्यांनी सगळ्यांना फोन करून फक्त दोन कागदांचे फोटो मागवा: चालू महिन्याचा हजेरीपट आणि बैठकीच्या वहीतलं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.